एक जूनची माणसं

वाघदरा, जि. बीड
४ नोव्हेंबर १९८६

अर्जुनराव पाटील यांना शहादेव टाइमकीपरचा जयभीम.

दोन वर्षांनी माझं पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल. खुशाली विचारायला लिहीत नाही, कारखान्याच्या कामासाठी लिहितोय, तेव्हा उत्तराला वेळ लावू नका.

इथं यंदाही गाळप नाही. जो काही ऊस उभा होता तो छावणीतल्या जनावरांपुढं गेला. मी रोज आठला हजेरीबुक उघडतो, माझीच हजेरी मांडतो आणि पाचला बंद करतो. अशात चेअरमन आप्पारावांनी पुण्याचे फिल्मवाले गाठलेत. दुष्काळात आपला सहकारी कारखाना बंद पडला तरी इथले फिटर परदेशातली साखरेची गिरणी चालवतात, असा माहितीपट काढायचा आहे. तुमच्याबरोबर सुदानला गेलेले आठही जण वाघदऱ्याचे, म्हणून शूटिंग तुमच्या गिरणीवरच ठरलं. तिकडचे परवाने तुम्ही काढायचे, इकडचे कागद मी. काय काय लागतं त्याची यादी पाठवा.

दुसरं माझं स्वतःचं. आठातले सात जण पत्रं टाकतात. आमचे दाजी बन्सी यांची मार्चपासून एक ओळ नाही. माझी बहीण मनकर्णा रोज पोस्टाच्या ओट्यावर जाऊन बसते. पोस्टमन तिला बघून सायकल मागच्या गल्लीनं नेतो. दिवाळीला तुम्ही जो फोटो पाठवला त्यात झाडाखाली सातच जण आहेत. मी हजेरी मांडणारा माणूस, फोटो बघितला की आधी डोकी मोजतो. बाकीच्यांना विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच, शब्दसुद्धा तेच: बन्सी दुसऱ्या साइटवर हाय. सात माणसं एका सुरात बोलायला लागली की मला शंका येते. चौदा वर्षं मी दाजींची हजेरी घेतली, चिठ्ठीशिवाय एक खाडा नाही. कोणती साइट आणि काय काम, ते सरळ लिहा.

शहादेव


श्वेत नाईलकाठ, सुदान
२७ नोव्हेंबर १९८६

प्रिय शहादेव,

तुझं पत्र पोचलं. पाकीट इतकं लपालपा चिकटवलेलं होतं की मी म्हणालो, शहादेव एवढी खळ कधीपासून वापरायला लागला?

फिल्मवाल्यांना सांग, इथं कॅमेरा काढणं म्हणजे बीडच्या एसटी स्टँडावर फोटो काढण्याइतकं सोपं नाही. आधी राजधानीतून शूटिंगचा परवाना. तो आला की माणशी फोटोचा पास वेगळा. राजधानीबाहेर पडायला प्रवासाचा परवाना, त्यावर वाटेतल्या प्रत्येक गावाचं नाव. जे गाव लिहायचं राहिलं तिथून माघारी. विमानातून उतरल्यावर तीन दिवसांत पोलिसात नोंद. कॅमेरा, भिंगं, टेपरेकॉर्डर, सगळ्यांचे नंबर चार प्रतींत पाहिजेत, नाहीतर सामान विमानतळावरच ठेवून घेतात. पूल, बंदर, शिपाई आणि पावासाठीची रांग यांच्याकडं कॅमेरा वळवायचा नाही. दक्षिणेत लढाई चालू आहे, त्यामुळं नदीवर कॅमेरा धरला तरी विचारतात, कुणासाठी. गिरणीपर्यंत सहा चौक्या आहेत आणि दर चौकीला माणसांच्या यादीची एक प्रत द्यावी लागते. फिल्मचे डबे उन्हानं खराब होतील, बर्फाची पेटी आणा.

प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव, आजाचं नाव आणि जन्मतारीख पाठव.

बन्सी बरा आहे. मनकर्णाला सांग, काळजी करू नको. याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

तुझा
अर्जुन


वाघदरा
२० डिसेंबर १९८६

अर्जुनराव,

परवान्यांवर दीड पान आणि माणसावर दोन ओळी. मनकर्णाला त्या दोन ओळी वाचून दाखवल्या. ती म्हणाली, हे तर बकरीच्या तब्येतीबद्दल लिहिल्यासारखं झालं.

फिल्मवाले येऊन गेले. मुख्य सानेसाहेब, चांगला माणूस वाटला, पण सकाळी उठल्याबरोबर अंघोळीला पाणी मागितलं. आप्पारावांनी टँकर थांबवून दोन बादल्या उतरवल्या आणि बाया टँकरच्या मागं भांडत गेल्या. त्यानंतर साहेबांनी तीन दिवस अंघोळीचं नाव काढलं नाही. त्यांची विमा कंपनी म्हणते तो देश धोक्याच्या यादीत आहे. त्यांनी आप्पारावांना विचारलं, तिकडं खरंच लढाई आहे का. आप्पाराव म्हणाले, आमच्या झेडपीच्या निवडणुकीएवढी नसेल.

यादी सोबत आहे. सानेसाहेब, कॅमेरामन, आवाजवाला, मदतनीस. पाचवं नाव माझं, तांत्रिक सल्लागार म्हणून. आप्पाराव नको म्हणत होते, पण इकडचे सगळे कागद माझ्या हातात आहेत, त्यांना हो म्हणावं लागलं. पासपोर्ट निघाला. मला तुमची गिरणी बघायची नाही, दाजींना डोळ्यांनी बघायचंय. जन्मतारीख तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्या शाळेतल्या सगळ्यांची तीच: एक जून.

शहादेव


श्वेत नाईलकाठ
१२ जानेवारी १९८७

प्रिय शहादेव,

चार नावं दाखल केली. पाचवं तू काढून टाक. जीपमध्ये चारच जागा आहेत, इथलं ऊन तुला सोसायचं नाही, आणि सल्लागाराची मला गरज नाही. काही विचारू नकोस. सानेसाहेबांना नवी यादी टाइप करायला सांग, आणि तुझं नाव असलेल्या जुन्या यादीच्या सगळ्या प्रती फाडून टाक.

मी तुझ्या भल्याचं सांगतोय.

अर्जुन


वाघदरा
२ फेब्रुवारी १९८७

अर्जुनराव,

वाघदऱ्यात जन्मलेल्या माणसाला ऊन सोसायचं नाही, हे मला तुमच्याकडून कळलं. जीपमध्ये चार जागा आहेत म्हणता. मग बर्फाची पेटी, कॅमेरा आणि चार माणसांचं सामान काय डोक्यावर नेणार? यादीतली चारही नावं चालली, माझंच एक चालत नाही. कावून? शाळेत तुम्ही गुरुजींच्या पुढ्यात गोणपाटावर बसायचात, मी आणि बन्सी दाराशी. आम्ही दाराशी बसलो ते बसलो. आता तुम्ही परदेशातही दारच दाखवताय.

आणि प्रती फाडायच्या कशाला? तुम्ही मला इतकं ओळखता, मी आजवर हजेरीचा एक चिटोरा तरी फाडलाय का? ज्याला काही दडवायचं असतं तो आधी कागद फाडायला सांगतो.

मला काय वाटतं ते सांगून टाकतो. दाजींना गिरणीत काहीतरी झालंय. पट्ट्यात हात गेला असेल, नाहीतर त्याहून वाईट, आणि तुम्ही लेबरचे साहेब म्हणून ते तुमच्यावर शेकतंय. मनकर्णाला आता बायका पाण्याच्या रांगेत आधी जागा देतात. का देतात ते तिला कळतं. परवा ती मला म्हणाली, दादा, जे असंल ते असू दे, पण मला एकदा काय ते सांगा. मी भाऊ असून तिच्या तोंडाकडं बघू शकलो नाही.

एकच शब्द लिहा. जिवंत आहेत का नाहीत? महिनाभरात उत्तर आलं नाही तर मी वकिलातीत अर्ज करतो आणि तो बीडच्या पेपरात छापतो. फिल्म गेली खड्ड्यात.

शहादेव


२२ फेब्रुवारी १९८७

शहादेव,

हे पत्र आपल्या आठातल्या सिदूच्या हातानं पाठवतोय. त्याला कावीळ झाली म्हणून घरी सोडलंय. पत्र औषधाच्या डब्यात आहे, तो मुंबईत उतरून टपालात टाकील. आजवर सरळ लिहिलं नाही, कारण इथल्या सरकारनं आमची पत्रं वाचायला एक माणूस बसवलाय. गुलबर्ग्याकडचा आहे आणि मराठी येते त्याला. सातही जण एका सुरात का बोलत होते ते आता समज.

बन्सी जिवंत आहे. तो अकरा महिने अटकेत आहे.

गेल्या मार्चमध्ये राहण्याचे परवाने नवे करायला परवान्याच्या कचेरीत आठांचे पासपोर्ट एका टेबलावर ठेवले. साहेबानं पहिला उघडला, एक जून. दुसरा उघडला, एक जून. आठही एक जून, साल तेवढं वेगळं, गाव एक. आपल्याकडं यात कुणाला काही वाटत नाही. बीडच्या कचेऱ्यांत निम्मे कारकून मेच्या अखेरीला एकाच मांडवात हार घालून निवृत्त होतात. पण त्या साहेबाला वाटलं, खोटे पासपोर्ट करणारी टोळीच सापडली. त्यानं विचारलं, या तारखा कुणी लिहिल्या? दुभाष्या मी. बन्सी मोठ्या अदबीनं पुढं झाला आणि म्हणाला, "साहेब, आमच्या समद्यांच्या तारखा एकाच मान्सानं लिवल्यात, आपल्या मनानं. लई भला मानूस."

त्याला गुरुजींचं कौतुक सांगायचं होतं रे. मी तेवढंच इंग्रजीत सांगितलं: एकाच माणसानं, आपल्या मनानं. पुढं सांगायला पाहिजे होतं की तो माणूस म्हणजे शाळेचा मास्तर. आयांना पोरांच्या तारखा ठाऊक नसायच्या, म्हणून नाव घालताना तो सगळ्यांना एक जून लावायचा. मला तेवढं इंग्रजी येत होतं. पण साहेबानं माझ्याकडं बघून विचारलं, तुझी पण त्यानंच लिहिली का? मी म्हणालो, नाही साहेब, माझी पत्रिका आहे, सतरा नोव्हेंबर. आणि तिथंच माझी दातखीळ बसली. बाकीच्यांना गिरणी बंद पडेल म्हणून सोडलं. बन्सीला टोळीचा जाणकार म्हणून ठेवून घेतलं.

नंतर दोनदा सगळं सांगायला गेलो. साहेब म्हणतो, तेव्हा का बोलला नाहीस? टाइप केलेले शाळेचे दाखले दिले, तर म्हणतो, कागद लिहिणारा तुमच्याकडं आहेच. मला मूळ वहीचं पान दाखव, पूर्ण पान, कापलेलं नको.

आता कळलं तुझं नाव का नको होतं? त्याच साहेबाच्या टेबलावर फिल्मची यादी जाते. त्यात नववा एक जून आला असता, तोही टाइमकीपर, म्हणजे तारखा लिहिणाराच. तू उतरल्या उतरल्या आत गेला असतास.

त्या पानाचा फोटो काढून पाठव. मी दर शुक्रवारी बन्सीला डबा नेतो. वाळलाय, पण मनकर्णाची चौकशी करतो. मला शिव्या दे, पण फोटो लवकर पाठव.

अर्जुन


वाघदरा
१५ मार्च १९८७

अर्जुनराव,

सिदू भेटला. दाजींना खोकला लागलाय, हे तुम्ही लिहिलं नव्हतं, त्यानं सांगितलं. मनकर्णाला सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग मला म्हणाली की वर्षभरानं आज भूक लागली.

शिव्या देणार होतो, पण तेवढा वेळ नव्हता. वही शाळेबाहेर नेता येत नाही. हेडमास्तरांनी ती फडक्यातून काढली, सानेसाहेबांच्या कॅमेरामननं शाळेच्या ओट्यावर उन्हात फोटो काढला. नोटरीचे आणि मुंबईच्या मंत्रालयातले शिक्के झाले. तात्याबा गुरुजींनाही आणलं होतं. ऐंशी उलटलीत, एका डोळ्यानं दिसतं. सानेसाहेबांनी त्यांचं बोलणं फिल्मवर घेतलं. गुरुजी म्हणाले, एकीला विचारलं पोरगं कधीचं, ती म्हणाली टोळ आले त्या साली. दुसरी म्हणाली म्हैस व्याली तवाचं. मी काय लिहायचं? शाळा एक जूनला उघडली, एक जून लिहिलं.

आता वहीत काय निघालं ते ऐका. १ जून १९५०, एका पानावर तेवीस पोरं. गुरुजी निजामाच्या राज्यात शिकलेले, त्यामुळं आकडे उर्दूत, अरबीसारखेच. तिथल्या साहेबाला ते स्वतः वाचता येतील, या खेपेला दुभाष्या लागणार नाही. बावीस ओळी एका हातच्या, एका काळ्या शाईच्या. अकरावी ओळ तुमची. तिथं ब्लेडनं इतकं खरवडलंय की पान उजेडाला धरलं तर पलीकडचं दिसतं. त्यावर निळ्या शाईत सतरा नोव्हेंबर, साल दोन वर्षांनी पुढं. सही नाही, शिक्का नाही. गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, पाटील आलते, पोराला पोलिसात घालायचं होतं, वय बसत नव्हतं.

साहेब वर्षभर खोटी तारीख शोधतोय. आख्ख्या पानावर एकच आहे, ती तुमची.

खरं सांगतो, मला आधी बरं वाटलं. रात्रभर वाटत राहिलं. कॅमेरामन म्हणाला, छापताना ती ओळ झाकता येते. मी नको म्हणालो. पूर्ण पान मागितलंय, ओळ झाकली तर पुन्हा संशय, आणि दाजी आतच. वकिलातीत विचारलं, त्यांच्या रीतीनं गेलं तर पाच-सहा महिने. खोकला तेवढा थांबायचा नाही. फिल्मच्या परवान्याची फाइल घेऊन त्या टेबलापुढं तुम्हीच उभे राहणार, म्हणून पान तुमच्याकडंच पाठवावं लागतंय. सानेसाहेबांचा मॅनेजर सामानाची नोंद करायला पुढं येतोय, त्याच्या हाती आहे.

माझा तुमच्यावर भरवसा नाही. मी ते पान शाळेत जाऊन दहा वेळा बघून आलोय आणि तुम्ही त्याचं काय कराल ते मला सांगता येत नाही. तुम्ही ते फाडलंत तरी इथं आम्हाला कळणार नाही.

शहादेव


श्वेत नाईलकाठ
४ एप्रिल १९८७

शहादेव,

पान मिळालं. मॅनेजर परत निघालाय, म्हणून घाईत लिहितोय.

पत्रिका वगैरे काही नाही. मला ठाऊक होतं. वडिलांनी घरी आल्यावर ती तारीख माझ्याकडून पाठ करून घेतली. पोलिसात काही घेतलं नाही, छाती कमी भरली. तारीख तेवढी राहिली. इतकी अंगवळणी पडली की मी त्या दिवशी पेढे वाटायला लागलो, आठवत असेल.

सहा दिवस पान गादीखाली होतं. तुझ्यापासून काय लपवू, तिसऱ्या दिवशी कात्रीपण काढली होती. अकरावी ओळ मधोमध आहे. ती कापली तर पानाचे दोन तुकडे होतात, वरच्यात बन्सी, खालच्यात तू. मग काल शुक्रवारचा डबा घेऊन गेलो. बन्सी म्हणाला, अर्जुनराव, तुमी हाय म्हनून मी निवांत हाय. त्याला आजवर वाटतंय की मी मार्चमध्ये सगळं सांगितलं होतं आणि साहेबानंच मानलं नाही.

उद्या फाइल आणि पान, दोन्ही घेऊन जातो. पुढचं काय ते तिथं गेल्यावर. फिल्मच्या यादीत तुझं नाव पाचवं लिहिलंय.

अर्जुन


श्वेत नाईलकाठ
१९ एप्रिल १९८७

शहादेवला बन्सीचा जयभीम. हे पत्र आदी मनकर्णाला वाचून दाखव, मंग तू वाच.

मी सुटलो. गिरणीवरच्या खोलीत हाय. डाक्टर म्हनला खोकला जाईल, औषद चालू हाय. मनकर्णाला सांग, मी लई वाळलो हाय पन वळखू येतो. तिनं आता पोस्टात जाऊन बसू न्हाई, पत्र घरी यील.

कसं झालं ते सांगतो. मला भाईर बोलावलं. टेबलावर फिल्मवाल्यांची फाइल व्हती, तिच्यावर आपल्या शाळंचं पान. पान बघून मला रडूच आलं, इतक्या लांब गुरुजींचं अक्षर. साहेब बोट ठिवून वाचत व्हता, एक जून, एक जून, न् गालात हसत व्हता. धाव्या ओळीवर आला. त्याचं बोट खाली सरकायच्या आदी अर्जुनरावनं आपलं बोट अकराव्या ओळीवर ठिवलं न् बोलाय लागले. लई येळ बोलले. मला इंग्रजी येत न्हाई, पन 'गुरुजी' चारदा आलं, माजं नाव तीनदा आलं. तवा मला कळलं की गेल्या साली हे बोललेच न्हवते. राग आला रे. त्या मानसाच्या डब्याचं मी सालभर खाल्लं. पन बोट काय त्यांनी उचललं न्हाई.

साहेबानं मला सोडलं, फिल्मच्या परवान्यावर शिक्का मारला न् अर्जुनरावला बसवून घेतलं. अजून सोडलं न्हाई. खाडाखोड कुनी केली त्याचा जबाब मागत्यात. तू गुरुजींकडं जा. पाटलानं केली, पोरानं न्हाई, असं त्यांच्याकडून लिवून घे, अंगठा नगं, सही घे, अन् फिल्मवाल्यांसंग तूच घिऊन ये. तुजा जीव त्यांच्यावर जळतो, मला ठावं हाय. माजाबी जळतो. तरी आन. शुक्रवारचा डबा आता मी नेतो.

सानेसायबाला सांग, आमचा फोटो घ्यायचा तर आठ डोकी मोजून घ्यायचा. सिदूच्या जागी अर्जुनराव. तवर मी कॅमेऱ्याम्होरं हुबा ऱ्हानार न्हाई.

एक सांगायचं ऱ्हायलं. मी दारातून भाईर पडत व्हतो तवा साहेबानं कोरा कागुद घेतला न् त्यांना खरी जन्मतारीख इचारली. मी थांबलो. वाटलं, आता ह्यो मानूस पुन्यांदा पत्रिका काडतो. अर्जुनरावनं माज्याकडं बघितलं न् साहेबाला म्हनले, "फर्स्ट जून." तेवडं इंग्रजी मला येतंय.

तुजा दाजी
बन्सी